सेवेची तयारी : पंडित हृदयनाथ कुंझरू

दिल्लीच्या दक्षिण भागात मुनिरका नावाचे एक जुने गाव आहे. महानगराने या गावास आता चहूबाजूंनी वेढून टाकले आहे. गावाच्या उत्तरेस रामकृष्णपुरमची वसाहत पसरलेली आहे, तर दक्षिणेस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा वनराजीने नटलेला विस्तीर्ण परिसर आहे. या विद्यापीठातील ‘स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ या विभागात देशोदेशींच्या राजकारणाचा अभ्यास चालतो. दुसरीकडे, राजधानीतील केंद्रीय विद्यालयांच्या आणि इतर अनेक शाळांच्या मैदानांवर गळ्यात रुमाल बांधलेली मुले-मुली दोरीच्या गाठी मारण्यात, तंबू उभारण्यात किंवा जखमेवर पट्टी बांधण्यात रमलेली दिसतात. ही मुले म्हणजे स्काउट आणि गाइड. मराठीत त्यांना बालवीर आणि वीरबाला असे म्हणतात. विद्यापीठातील तो गंभीर अभ्यास आणि मैदानावरील हा शिस्तबद्ध खेळ यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु या दोन्ही कार्यांच्या उभारणीत एकाच पुरुषाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव पंडित हृदयनाथ कुंझरू.

हृदयनाथांचा जन्म १ ऑक्टोबर १८८७ रोजी एका काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. त्यांचे वडील पंडित अयोध्यानाथ हे अलाहाबाद येथील, म्हणजे आजच्या प्रयागराज येथील, नामवंत वकील होते. राष्ट्रसभेच्या आरंभीच्या काळातील अग्रगण्य नेत्यांत त्यांची गणना होत असे. १८८८ साली अलाहाबादला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. ते अधिवेशन होऊ नये, अशी सरकारी अधिकाऱ्यांची इच्छा होती. परंतु अयोध्यानाथांनी विरोधास न जुमानता ते पार पाडले. १८९२ साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी हृदयनाथ अवघे चार वर्षांचे होते. वडिलांचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही. मात्र सार्वजनिक कार्याचा वारसा त्यांना घरातूनच मिळाला.

हृदयनाथांचे उच्च शिक्षण झाले, तेव्हा त्यांच्यापुढे अनेक मार्ग मोकळे होते. वडिलांप्रमाणे वकिली केली असती तर पैसा आणि प्रतिष्ठा या दोहोंची वाण पडली नसती. सरकारी नोकरीचाही मार्ग होता. परंतु त्यांचे मन वेगळ्या दिशेने ओढ घेत होते. ती दिशा पुण्याची होती.

पुण्यात १२ जून १९०५ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ची स्थापना केली होती. मराठीत ही संस्था भारत सेवक समाज या नावाने ओळखली जाते. देशकार्य फावल्या वेळात करावयाचे काम नसून त्यासाठी सारे आयुष्य वाहून घेणारी माणसे हवीत, अशी गोखल्यांची धारणा होती. संन्यासी ज्या निष्ठेने धर्माला वाहून घेतो, त्याच निष्ठेने सुशिक्षित तरुणांनी देशसेवेला वाहून घ्यावे, असे त्यांना वाटे. संस्थेच्या सदस्यास सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशहितास सर्वांत वरचे स्थान देणे, जातिधर्माचा भेद न मानता सर्व भारतीयांना बंधू समजणे, संस्था जे तुटपुंजे वेतन देईल त्यावर संतुष्ट राहणे आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे, असे त्या प्रतिज्ञांचे स्वरूप होते. नव्या सदस्याला लगेच व्याख्याने देण्याची मुभा नसे. त्याने आधी काही वर्षे अध्ययन करावे, देशभर प्रवास करून लोकस्थिती पाहावी आणि मगच बोलावे, असा नियम होता.

१९०९ साली हृदयनाथ या समाजाचे सदस्य झाले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांच्या आसपास होते. गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी यांच्यासारखे महाराष्ट्रातील कार्यकर्ते तेथे त्यांचे सहकारी झाले. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुण्यातील सेवासदनाच्या कामात स्वतःला झोकून दिले, तर जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना करून गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून काम सुरू केले. प्रत्येकाने आपापले क्षेत्र निवडले होते. याच सुमारास हृदयनाथांवर कौटुंबिक दुःखाचा आघात झाला. तरुण वयातच त्यांच्या पत्नीचे बाळंतपणात निधन झाले आणि काही महिन्यांनी ते बालकही दगावले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. यापुढे भारत सेवक समाज हेच त्यांचे घर झाले.

हृदयनाथांनी उत्तर भारत हे आपले कार्यक्षेत्र ठरविले. गंगा-यमुनेच्या या प्रदेशात मोठमोठ्या यात्रा भरत. लक्षावधी माणसे एका ठिकाणी गोळा होत. गर्दीत मुले हरवत, वृद्ध माणसे चेंगरत, अस्वच्छ पाण्यामुळे पटकीची साथ पसरे आणि यात्रेकरू ती आपापल्या गावी घेऊन जात. मदत करण्याची इच्छा असणारे लोक कमी नव्हते. धनिक लोक अन्नछत्रे उघडत, तरुण उत्साहाने धावून येत. परंतु या उत्साहाला शिस्त नव्हती. कोणते काम कोणी करावयाचे, जखमी माणसाला कसे उचलावयाचे, गर्दीला वाट कशी करून द्यावयाची, हे कोणालाच ठाऊक नसे. केवळ दया असून भागत नाही. दयेला कौशल्याची आणि शिस्तीची जोड लागते, हे हृदयनाथांनी ओळखले. १९१४ साली त्यांनी अलाहाबाद येथे सेवा समितीची स्थापना केली. नैसर्गिक आपत्ती आणि यात्रा यांच्या प्रसंगी संघटितपणे लोकसेवा करणे, तसेच शिक्षण, स्वच्छता आणि व्यायाम यांचा प्रसार करणे, ही या समितीची उद्दिष्टे होती. या कार्यात पंडित मदनमोहन मालवीय यांचे पाठबळ त्यांना मिळाले.

या विचाराची कसोटी पुढच्याच वर्षी लागली. १९१५ साली हरिद्वारला कुंभमेळा भरावयाचा होता. त्याआधी १९ फेब्रुवारी रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. गुरूच्या मृत्यूचा शोक ताजा असतानाच भारत सेवक समाजाने हरिद्वारला स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठविले. त्याचे नेतृत्व हृदयनाथांकडे होते. वैद्यकीय व्यवस्था डॉक्टर देव पाहत होते. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच भारतात परतलेले मोहनदास गांधी त्या वेळी गोखल्यांच्या सल्ल्याप्रमाणे देश पाहत फिरत होते. त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मंडळींना या कामात साहाय्य करण्यासाठी बोलावण्यात आले आणि मगनलाल गांधी ती तुकडी घेऊन हरिद्वारला पोहोचले. पाठोपाठ गांधीजीही तेथे आले.

मेळ्यात सर्वांत बिकट प्रश्न मैल्याचा होता. डॉक्टर देवांच्या देखरेखीखाली शौचासाठी खड्डे खणलेले होते. परंतु त्यांच्या सफाईसाठी मजुरीने लावलेल्या सफाई कामगारांवरच अवलंबून राहावे लागत होते. त्या काळच्या समाजात हे काम हलके समजले जाई आणि उच्चवर्णीय मनुष्य त्याकडे पाहतही नसे. फिनिक्सच्या मंडळींनी हे काम आपण होऊन मागून घेतले. मैल्यावर माती टाकण्याचे आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे काम त्यांनी निःसंकोचपणे केले. गांधीजींनी पुढे आपल्या आत्मचरित्रात या मेळ्याची आठवण नोंदविताना हृदयनाथांच्या पथकाचाही उल्लेख केला आहे. यात्रेत पुण्य मिळविण्यासाठी आलेल्या लक्षावधी लोकांच्या मध्यभागी काही मोजकी माणसे हातात फावडे घेऊन उभी होती. सेवेचे कोणतेही काम हलके नसते, हा धडा त्या मेळ्याने दिला.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला सुरू झालेली एक चळवळ भारतात येऊन पोहोचली होती. इंग्रज सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल हे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मॅफेकिंग या गावी वेढ्यात अडकले होते. १८९९ पासून १९०० पर्यंत चाललेल्या त्या दीर्घ वेढ्यात गावातील मुलांच्या एका तुकडीने निरोप पोहोचविण्याचे आणि इतर किरकोळ कामांचे ओझे उचलले होते. विश्वास टाकला तर मुले मोठी जबाबदारी पेलू शकतात, हे त्या अनुभवातून दिसून आले. इंग्लंडला परतल्यावर १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी नावाच्या बेटावर वीस-एक मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांची मुलेही होती. लहान लहान संघ, प्रत्येक संघाला मुलांतूनच निवडलेला नायक आणि उघड्यावरचे जीवन, अशी त्यांची पद्धती होती. १९०८ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बालवीर चळवळ अल्पावधीत अनेक देशांत पसरली.

१९०९ साली बंगळूर येथे भारतातील पहिले बालवीर पथक निघाले. मात्र त्यात प्रवेश होता तो केवळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. भारतीय मुलांना ही दारे बंद होती. त्यांच्या हाती असे शिक्षण पडल्यास राज्यकर्त्यांना धोका निर्माण होईल, अशी भीती त्यामागे होती. जी चळवळ सर्व मुलांना बंधू मानण्यास शिकवीत होती, तिनेच या देशातील मुलांना त्यांच्याच भूमीवर परके ठरविले होते.

या अन्यायाला भारतीयांनी कृतीने उत्तर दिले. संयुक्त प्रांतातील शहाजहानपूर येथे श्रीराम बाजपेयी या तरुणाने भारतीय मुलांचे पथक काढले. मद्रासमध्ये डॉ. अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ साली भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी या कामी पुढाकार घेतला; हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. बाजपेयींचा उत्साह आणि कौशल्य हृदयनाथांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी बाजपेयींना अलाहाबादच्या कार्यात सामील करून घेतले. मालवीयजींचा आशीर्वाद, हृदयनाथांचे संघटन आणि बाजपेयींचे प्रत्यक्ष शिक्षण यांच्या संगमातून सेवा समितीची बालवीर संघटना आकारास आली.

या संघटनेतील मुलांना जे शिकविले जाई, ते वरवर पाहता साधे होते. आपत्तीत उपयोगी पडतील अशा दोरीच्या गाठी मारणे, गळ्यातील रुमालाची त्रिकोणी पट्टी करून मोडलेला हात गळ्यात अडकविणे, दोन काठ्या आणि दोन सदरे यांपासून रुग्ण वाहून नेण्याची डोली तयार करणे, शिट्टीच्या संकेतांवर रांग धरणे, वाटेवरील खुणांवरून मार्ग शोधणे, तीन दगडांच्या चुलीवर स्वतःचे अन्न शिजविणे आणि रात्री शेकोटीभोवती बसून दिवसभराच्या कामाचा आढावा घेणे, असा तो अभ्यासक्रम होता. परंतु या प्रत्येक गोष्टीमागे हेतू होता. आणीबाणीच्या क्षणी विचार करीत बसण्यास अवधी नसतो. हाताला आधी सवय असेल तरच मदत वेळेवर पोहोचते. म्हणूनच सदैव तयार राहणे हे जगभरातील बालवीरांचे ब्रीद आहे. हृदयनाथांना हरिद्वारच्या मेळ्यात जे हवे होते, ते या शिक्षणात त्यांना मिळाले. १९१८ साली अलाहाबादला कुंभमेळा भरला, तेव्हा सेवा समितीच्या बालवीरांनी यात्रेकरूंची सेवा केली. जी मुले राज्यकर्त्यांच्या लेखी या शिक्षणास अपात्र होती, त्यांनी आपली पात्रता लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध केली.

१९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले. त्यानंतर भारतीय मुलांवरील बंदी उठली आणि येथील अनेक संघटना मूळ संघटनेत विलीन झाल्या. सेवा समितीची संघटना मात्र वेगळी राहिली. या चळवळीचे संपूर्ण भारतीयीकरण व्हावे, तिची सूत्रे भारतीयांच्या हाती असावीत, असा तिचा आग्रह होता. १९३७ साली दिल्लीत अखिल भारतीय बालवीर मेळावा भरला आणि बेडन-पॉवेल त्यास उपस्थित राहिले. पुढे भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी व्यक्त केलेल्या मतांमुळे देशभर संतापाची लाट उसळली. अनेकांनी मूळ संघटनेचा त्याग केला आणि १९३८ साली सेवा समिती व इतर समविचारी संघटना मिळून हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. हृदयनाथ तिच्या प्रमुख धुरीणांपैकी होते. परक्याने सुरू केलेली पद्धती चांगली असेल तर ती स्वीकारावी. मात्र ती स्वीकारताना स्वाभिमान गहाण टाकू नये, असा हा मार्ग होता.

हृदयनाथांचे कार्य बालवीर चळवळीपुरते मर्यादित नव्हते. ते मवाळ विचारांचे होते. राज्यकर्त्यांशी संघर्ष करताना वस्तुस्थितीचा बारकाईने अभ्यास करावा आणि आकडेवारीच्या बळावर विधिमंडळात त्यांना निरुत्तर करावे, ही गोखल्यांची पद्धती त्यांनी आत्मसात केली होती. प्रांतिक विधिमंडळ, मध्यवर्ती विधानसभा, कौन्सिल ऑफ स्टेट, संविधान सभा आणि राज्यसभा अशा अनेक सभागृहांत त्यांनी काम केले. सैन्यात भारतीय अधिकाऱ्यांची संख्या वाढावी, रेल्वेचा कारभार सुधारावा, परदेशांत राहणाऱ्या भारतीयांना न्याय मिळावा, या विषयांचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. १९३५ साली देवधर दिवंगत झाले आणि १९३६ साली भारत सेवक समाजाचे अध्यक्षपद हृदयनाथांकडे आले. गोखले, श्रीनिवास शास्त्री आणि देवधर यांच्यानंतरचे ते चौथे अध्यक्ष होत. हे पद त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळले. काश्मिरी घराण्यात जन्मलेला आणि अलाहाबादेत वाढलेला हा पुरुष अशा रीतीने पुण्यातील एका संस्थेचा चार दशकांहून अधिक काळ आधारस्तंभ होता.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा भारतातील बालवीर चळवळ दुभंगलेली होती. एका बाजूस ब्रिटिश परंपरेतील बॉय स्काउट्स असोसिएशन होती, तर दुसऱ्या बाजूस हिंदुस्थान स्काउट असोसिएशन. एकाच गावात दोन पथके, दोन झेंडे आणि दोन निष्ठा, असे दृश्य दिसू शकत होते. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या संघटनेसाठी आयुष्य वेचले होते. जुने अपमान विसरणे एका पक्षास कठीण होते, तर जुनी प्रतिष्ठा सोडणे दुसऱ्या पक्षास कठीण होते. मोठ्यांच्या या दुराव्यात हानी मात्र मुलांची होणार होती. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी एकीकरणासाठी प्रयत्न सुरू केले. मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा, न्यायमूर्ती विवियन बोस, शिक्षण खात्याचे डॉ. ताराचंद आणि श्रीराम बाजपेयी यांनी त्यात भाग घेतला. हृदयनाथांनी आपल्या संघटनेचे स्वतंत्र अस्तित्व विसर्जित करण्याची तयारी दर्शविली. ज्या वृक्षाला तीस वर्षांहून अधिक काळ पाणी घातले, त्याचे नावही मागे राहणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी हा निर्णय घेतला.

अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकसंध संघटना अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गर्ल गाइड्स संघटनाही तीत सामील झाली. या नव्या संघटनेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त म्हणून हृदयनाथांची निवड झाली. त्यांच्यावरील सर्वांच्या विश्वासाचीच ती खूण होती. पुढे १९५६ साली मध्य प्रदेशातील पचमढी येथे संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. सातपुड्याच्या त्या निसर्गरम्य परिसरात देशाच्या सर्व राज्यांतील शिक्षक आणि मुले एकत्र येऊन प्रशिक्षण घेऊ लागली.

तरुणांना शिस्तीचे शिक्षण देण्याचे त्यांचे कार्य आणखी एका रूपाने देशापुढे आले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय स्तरावर छात्रसेना असावी काय, याचा विचार करण्यासाठी १९४६ साली एक समिती नेमण्यात आली. हृदयनाथ तिचे अध्यक्ष होते. समितीने १९४७ साली आपला अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १९४८ साली कायदा झाला आणि राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच एन.सी.सी., उभी राहिली. सरकारने १९५५ साली मुलांसाठी चित्रपट निर्माण करणारी संस्था स्थापन केली, तेव्हा तिचेही पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे देण्यात आले.

प्रत्येक निर्णय सर्वांना पटेल असा नसतो, याचाही अनुभव हृदयनाथांना आला. १९५३ साली सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्यायमूर्ती फाजल अली त्याचे अध्यक्ष होते, तर हृदयनाथ आणि सरदार के. एम. पणिक्कर हे सदस्य होते. १९५५ साली आयोगाने आपला अहवाल दिला. त्यात मराठी भाषकांच्या संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीस मान्यता न देता द्विभाषिक मुंबई राज्याची आणि वेगळ्या विदर्भाची शिफारस होती. महाराष्ट्रात त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. मोठे आंदोलन झाले, अनेकांनी प्राण वेचले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. गोखल्यांच्या पुण्यातील संस्थेचा अध्यक्ष ज्या अहवालावर स्वाक्षरी करतो, तोच अहवाल मराठी जनतेला मान्य होऊ नये, हा इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय. थोर पुरुषांचे मोठेपण मान्य करूनही त्यांच्या एखाद्या मताशी असहमत होता येते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

स्वतंत्र भारताला जगाशी व्यवहार करावयाचा होता. त्यासाठी इतर देशांचा इतिहास, त्यांच्या भाषा आणि त्यांचे राजकारण जाणणारे अभ्यासक हवे होते. हृदयनाथ हे इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स या संस्थेचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने १९५५ साली दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संशोधन संस्था सुरू झाली. प्रारंभी ती सप्रू हाउस या वास्तूत होती. १९७० साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात समाविष्ट करण्यात आली. मुनिरक्याशेजारच्या विद्यापीठ परिसरातील आजचा विभाग हा तिचाच वारसा चालवितो. सेवेला जशी हातांची तयारी लागते, तशी बुद्धीचीही तयारी लागते, ही हृदयनाथांची श्रद्धा या कार्यातून प्रकट झाली. गोखल्यांनी तरुण सदस्यांना बोलण्याआधी अभ्यास करण्याचा जो नियम घालून दिला होता, तोच येथे एका संस्थेच्या रूपाने उभा राहिला.

१९६८ साली भारत सरकारने हृदयनाथांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान देऊ केला. प्रजासत्ताकात शासनाने असे किताब देऊ नयेत, अशी त्यांची पूर्वीपासूनची भूमिका होती. इतरांच्या बाबतीत मांडलेले तत्त्व स्वतःवर वेळ आली म्हणून त्यांनी बदलले नाही. त्यांनी तो सन्मान विनयपूर्वक नाकारला. वैयक्तिक लाभाची अपेक्षा न ठेवण्याची जी प्रतिज्ञा बावीस वर्षांच्या तरुणाने घेतली होती, ती ऐंशी वर्षांच्या वृद्धाने पाळली. ३ एप्रिल १९७८ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, हृदयनाथांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८७ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.

आज देशातील असंख्य शाळांतून बालवीर आणि वीरबाला यांची पथके काम करीत आहेत. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्यांच्यातीलच एक संघनायक होतो. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत मुले राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोहोचतात. ‘खरी कमाई’ या उपक्रमात ती स्वतः श्रम करून पैसे मिळवितात आणि कष्टाचे मोल जाणतात. यात्रेत पाणी वाटणारा, वृद्धाला रस्ता ओलांडून देणारा, अपघात पाहून गोंधळून न जाता गळ्यातील रुमाल सोडून पट्टी बांधणारा मुलगा कदाचित हृदयनाथ कुंझरू हे नाव जाणतही नसेल. आपल्या नावाचा आग्रह त्यांनी स्वतःही कधी धरला नाही. एखादा मनुष्य संकटात सापडला असता शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या मनात नुसती दया न राहता त्याच्या हातांना मदत करता यावी, एवढ्यासाठीच त्यांनी आपले आयुष्य वेचले.